वासोटा बंद करताना

ओट्यावरून डाव खाली पडला.

चांगला जाडजूड स्टीलचा डाव, आणि तोही थेट फरशीवर. दुपारच्या त्या निवांत घरात असा खणखणाट झाला की खिडकीच्या गजावर बसलेली साळुंकी भुर्रकन उडून गेली. गार्गीचे कणकेतले हात कणकेतच राहिले. तिने कान आतल्या खोलीकडे लावले. आता दचकेल. आता ओठ काढेल. आता रडेल.

रडण्याचा आवाज आला नाही. भिंतीतून एक खोल, संथ गुणगुण आली, पाळण्याची कडी जराशी कुरकुरली, आणि घर पुन्हा चिडीचूप झालं. ओट्याशेजारच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘निहार दचकला होता. आता शांत आहे.’

“कळलं,” गार्गी पडद्याला म्हणाली. “मी विचारलं होतं का तुला?”

निहार चार महिन्यांचा होता आणि गार्गीने अजून त्याचं रडणं ऐकलं नव्हतं. अगदी एकदाही नाही. दिवस भरायच्या खूप आधी जन्मला म्हणून त्याला जन्मताच काचेच्या पेटीत नेलं. तिथे घशात नळी. तोंड वेडंवाकडं व्हायचं, पण आवाज फुटायचा नाही. नळी निघाली, बाळ घरी आलं, आणि घरी वासोटा त्याची वाटच पाहत होता.

वासोटा म्हणजे पाळण्याखालचं मशीन. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. वैशाली कणसे यांची उभी हयात साताऱ्यातल्या एका बँकेच्या सर्व्हररूममध्ये गेली, आणि त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक मशीनला किल्ल्याचं नाव असायचं. बँकेत रायगड होता, प्रतापगड होता. घरातले दिवे आणि पाण्याची मोटर सांभाळणारा अजिंक्यतारा. नातवासाठी बसवलेल्या मशीनला त्यांनी विचार करून कोयनेच्या रानातल्या किल्ल्याचं नाव दिलं.

“वासोट्यावर पूर्वी कैदी ठेवायचे ना, आई?” गार्गीने बारशाच्या दिवशीच विचारलं होतं.

“बळकट होता म्हणूनच ठेवायचे,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

तशी वासोट्याची करामत साधीच. बाळ एकाएकी रडत नाही. रडण्याच्या आधी मिनिटभर त्याचं अंग तयारी करत असतं : श्वास तुटक होतो, छातीचे ठोके वाढतात, पाय पोटाशी येतात, तळवे गार पडतात. आईला यातलं फार थोडं दिसतं, कारण ती तेव्हा कणीक मळत असते. वासोट्याला सगळं दिसायचं. पाळण्यातली गादी श्वास मोजायची आणि निहारच्या पायातला चांदीचा वाळा ठोके टिपायचा. त्या वाळ्याच्या आतल्या पोकळीत पूर्वी खुळखुळायला खडे असायचे, आता तांदळाएवढा यंत्राचा तुकडा होता. हजारो बाळांच्या नोंदींवरून मशीन शिकलं होतं, आणि उरलेलं निहारकडूनच शिकत होतं. रडं यायच्या आतच ते उत्तर देऊन मोकळं व्हायचं. कधी झोका, कधी गादीला जराशी ऊब, आणि बहुतेक वेळा ती गुणगुण.

ती गुणगुण म्हणजे गार्गीच्याच छातीचे ठोके होते. पोटुशी असताना तपासणीत टिपून ठेवलेले, पाण्यातून ऐकू यावेत तसे. घरातल्या प्रत्येक खोलीत वासोट्याचा आवाज पोचायचा, त्यामुळे बाळ कुठेही असलं तरी ठोके त्याच्यामागून जायचे. पहिले काही दिवस गार्गीला त्याचं कौतुक वाटलं. मग एकदा निहारला मांडीवर घेऊन बसली असताना तो तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघून हसला. त्या दिवशी तिला स्वतःच्याच काळजाचा हेवा वाटला.

शेजारच्या बायका यायच्या. “काय गुणी पोर आहे गं! आमच्या मेल्यांनी रडून रडून डोकं उठवलं होतं.” गार्गी हसायची आणि चहा टाकायची.

आणि तिचं दूध आटत होतं.

*

“बाळ भुकेलं की आधी चुळबुळ करतं,” डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. निहारचं वजन करून झालं होतं आणि काट्यावरचा आकडा मागच्या खेपेहून फारसा हलला नव्हता. “ती चुळबुळ मशीन थोपटून शांत करतंय. मग भूक लांबते. बाळ कमी ओढतं, आणि ओढलं नाही तर दूध बनत नाही. शिवाय आईच्या अंगाला हाक लागते. रडणं ऐकलं की मेंदू दुधाला वाट करून देतो. तुला हाकच येत नाहीये.”

“मला सूचना येते,” गार्गी म्हणाली. “फोनवर. ‘निहारला थोड्या वेळात भूक लागेल.’”

“सूचनेला पान्हा फुटतो का?”

गार्गीने निहारचं झबलं सारखं केलं.

“त्याचा श्वास आता चांगला आहे. मशीनची गरज मला तरी दिवसा दिसत नाही. बंद कर आणि मोकळी हो. आठवडाभर बघू, नाहीतर वरचं दूध सुरू करावं लागेल. वरच्या दुधावरही बाळं छान वाढतात, घाबरू नकोस. पण तुझ्या मनात काय आहे?”

“मला पाजायचंय,” गार्गी म्हणाली, आणि तिने निहारला छातीशी धरलं.

घरी येऊन तिने तडक वासोट्याच्या पडद्यावर बोट ठेवलं. ‘बंद करा.’

पडद्याने नम्रपणे कळवलं : ‘या यंत्रावर दुसरा वापरकर्ता काम करत आहे : निहार. तरीही बंद करण्यासाठी प्रशासकाचा परवलीचा शब्द द्या.’

गार्गीने तो मजकूर पुन्हा वाचला. पाळण्यात दुसरा वापरकर्ता स्वतःच्या मुठीकडे बघत काम करत होता.

*

“वासोट्याच्या आत लिनक्स आहे, बँकेतल्या मशीनांवर असायचं तसं,” सासूबाई गवार मोडता मोडता म्हणाल्या. “लिनक्सची रीतच ती. जुन्या काळी एक मोठं मशीन असायचं आणि त्यावर एका वेळी पन्नास माणसं बसायची. एकाने जाताना बंद केलं की बाकीच्यांच्या कामाचा चुराडा. म्हणून साध्या माणसाला बंद करता येत नाही. निदान दुसरं कुणी आत असताना तरी नाही. ते फक्त रूटला, म्हणजे मुख्य प्रशासकाला.”

“आणि रूट तुम्ही.”

“मी.”

“आणि निहारला वापरकर्ता कुणी केलं?”

“मीच. तो कायम आत असतो, म्हणजे चुकून कुणी बंद करू शकत नाही.” त्यांनी गवारीची शीर ओढून काढली. “तुला सांगते, आमच्या एका साहेबाने घरी जाताना वीज वाचवायची म्हणून रायगड बंद केला होता. सगळ्या शाखा ठप्प! तेव्हापासून मी कानाला खडा लावला. वापरणाऱ्याला बंद करायचा अधिकार म्हणून द्यायचा नाही.”

“आई, मी साहेब नाही. मी त्याची आई आहे.”

“मी कुठे नाही म्हणाले?”

“मशीन नाही म्हणतंय.”

सासूबाई गवार मोडत राहिल्या. वायर उपटून टाकावी हा विचार गार्गीच्या मनात येऊन गेला होता, पण वासोट्याच्या पोटात बॅटरी होती. वाळा काढायचा, तर वाळा काढला की वासोटा थेट रुग्णवाहिका बोलवायचा. ते एकदा होऊन चुकलं होतं. वाळा रुततोय असं वाटून तिने तो क्षणभर काढला आणि बाळाला घेऊन गच्चीवर ऊन खायला गेली. खाली आली तर जिन्यात स्ट्रेचर घेतलेली दोन माणसं आणि मागे अख्खी सोसायटी. पाटीलकाकू तर देवाला नारळ बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

“डॉक्टर म्हणाल्यात, श्वास चांगला आहे,” गार्गी म्हणाली.

“डॉक्टर त्या दिवशी नव्हत्या इथे.” सासूबाईंचे हात थांबले. “मी होते. तू आंघोळीला गेली होतीस. मी पाळण्याशेजारी बसून वाती वळत होते. माझा हात लागेल एवढ्या अंतरावर त्याचा श्वास थांबला आणि मला कळलं नाही गं. वासोट्याने गादी हलवली, भोंगा वाजवला, तेव्हा कळलं. माणसाचं लक्ष उडतं. त्याचं उडत नाही.” त्या उठल्या आणि न मोडलेली गवार तशीच घेऊन आत गेल्या.

संध्याकाळी गार्गीने नवऱ्याला फोन लावला. विराज गुजरातच्या किनाऱ्यापासून लांब, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता. महिन्याचे पंधरा दिवस तिकडे. त्याच्यामागे वारा नुसता घोंघावत होता.

“तुम्ही दोघी ठरवा ना,” तो ओरडून म्हणाला. “आईने घराच्या सगळ्या किल्ल्या तुझ्याकडे दिल्यात की!”

“किल्ल्या दिल्यात. एक कुलूप तेवढं स्वतःच्या डोक्यात ठेवलंय.”

“काय? ऐकू येत नाही!”

“जेवलास का म्हटलं!”

“हो, खिचडी!”

गार्गीने फोन ठेवला. दूध टिपायला ब्लाउजच्या आत ठेवलेल्या कापसाच्या चार घड्यांपैकी एकही आज भिजली नव्हती, हे तिला कपडे बदलताना दिसलं. पूर्वी संध्याकाळपर्यंत चारही चिंब व्हायच्या.

*

वासोट्याच्या पडद्यावर खाली, कोपऱ्यात, एक बटण होतं. ‘प्रशासकाला कळवा.’ ते आजवर कुणी दाबलं नव्हतं, कारण प्रशासक बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असायच्या.

गार्गीला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतली एक गोष्ट आठवली. चकल्या तळताना सासूबाई रंगून बँकेतले दिवस सांगत होत्या. म्हणे चेअरमन स्वतः आले तरी लेखी विनंतीशिवाय त्या सर्व्हरला हात लावू द्यायच्या नाहीत. काय बदलायचंय, कधी, किती वेळ, धोका कोणता आणि बिघडलंच तर मागे कसं फिरायचं. पाचही गोष्टी नीट लिहिलेल्या असतील तर नाही म्हणायचं नाही, हाही त्यांचाच नियम.

दुसऱ्या दिवशी दुपारी निहार झोपल्यावर ती पडद्यासमोर बसली आणि बटण दाबून लिहू लागली.

‘बदल : वासोटा बंद करणे.
कधी : रविवारी सकाळी, निहारची आंघोळ झाल्यावर.
किती वेळ : तो रडून माझ्याकडे येईपर्यंत.
धोका : श्वास.
बिघडल्यास : आई.’

बाहेरच्या खोलीत सासूबाईंचा फोन टिंग वाजला. वर्तमानपत्राची घडी पडल्याचा आवाज आला. चष्म्याची डबी उघडली, मिटली. गार्गी पदराशी चाळा करत बसली.

उत्तर पडद्यावर आलं : ‘शेवटचा मुद्दा अपुरा आहे. स्पष्ट करावा.’

मधे एक भिंत होती, आणि भिंतीला दार होतं, आणि दार उघडंच होतं. तरी गार्गीने लिहूनच पाठवलं.

‘मशीन बंद असताना निहारच्या छातीवर तुमचा हात असेल. त्या दिवशी तुम्हाला कळलं नाही, कारण मशीन आहे म्हणून तुम्ही वाती वळत होता. मशीन नसतं तर तुम्ही वाती घेतल्याच नसत्या. माझा तुमच्यावर भरवसा आहे. तुमच्या लेकरालाही तुम्ही हातानेच वाढवलंय.’

या खेपेला उत्तर आलं नाही.

पाच वाजता सासूबाई चहा गाळायला स्वयंपाकघरात आल्या. कपात साखर घालून ढवळत राहिल्या, साखर विरघळून गेली तरी.

“रविवारी नको,” त्या म्हणाल्या.

गार्गीने हातातला कप खाली ठेवला.

“रविवारी दवाखान्यात माणसं कमी असतात. आणि शुक्रवारी कुठलाच बदल करायचा नसतो, पुढचे दोन दिवस निस्तरत बसावं लागतं. बुधवारी करू. तांबोळीबाईंना सांगून ठेव, फोन जवळ ठेवा म्हणावं.”

*

बुधवारी सकाळी सासूबाईंनी निहारला तेल लावून आंघोळ घातली, गुंडाळून पाळण्यात निजवलं, आणि स्वतः कपाटातून काळा जुना कीबोर्ड काढून आणला. त्याच्या कळांवरची अक्षरं केव्हाच पुसून गेली होती. त्यांना त्यांची गरजही नव्हती.

गार्गीची थोरली, पाच वर्षांची रेवा, आज शाळेला सुट्टी म्हणून घरातच होती. “आज्जी, तू गेम खेळतेस?”

“नियम लिहितेय.”

“कसला?”

सासूबाईंनी लिहिता लिहिताच सांगितलं, गार्गीलाही कळावं म्हणून जरा मोठ्याने. “मशीन आजवर विचारायचं, बंद करणारा रूट आहे का? आता ही फाइल त्याला सांगणार : बंद कर म्हणणारा माणूस ‘घर’ या गटातला असेल, तर दुसरं कुणी आत काम करत असलं तरी हो म्हण. परवलीचा शब्द मागू नकोस. बास, एवढंच. रुग्णवाहिकेला जाणारी हाकही थांबवलीय, नाहीतर पाटीलबाई परत नारळ बोलतील.”

“मला वाटलं तुम्ही तुमच्या शब्दाने एकदा बंद करून द्याल,” गार्गी म्हणाली.

“एकदा दिलं तर दर वेळी माझ्या दारात यावं लागेल तुला.” त्यांनी ओळ पूर्ण केली. “विराजचं नाव घातलं. तुझं घातलं. माझं आहे. आणि रेवाचं.”

“रेवाचं पण?”

“गोष्टी ऐकायला तिचं खातं आहेच की. ती काय घराबाहेरची? फक्त तिला सांगू नकोस.”

“मला कळलंय!” टेबलाखालून आवाज आला.

सासूबाईंनी फाइल जतन केली, आपल्या खात्यातून बाहेर पडल्या आणि खुर्ची सोडली. “बस. तू बंद कर.”

“तुम्हीच करा ना.”

“रूटने केलं तर ती चाचणीच नाही. ज्याला अधिकार दिला त्याने करून बघायचं असतं.” त्या पाळण्याशी गेल्या, जमिनीवर मांडी घातली, आणि निहारच्या छातीवर हात ठेवला. आज त्यांच्या जवळ ना वाती होत्या, ना चष्म्याची डबी, ना फोन. “हं.”

गार्गीने बोट टेकवलं. ‘बंद करा.’

पडद्याने काही विचारलं नाही. भिंतीतली गुणगुण हळूहळू विरली. पडदा काळा झाला.

घर किती मोठं आहे हे तिला त्या शांततेत पहिल्यांदा जाणवलं. फ्रिजची घरघर ऐकू आली. खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं, त्या पाण्याचा आवाज. सासूबाईंचे ओठ हलत होते. जप असेल किंवा मोजणी, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांचा हात निहारच्या छातीबरोबर वर जात होता, खाली येत होता.

“चाललाय,” त्या पुटपुटल्या. “चाललाय नीट.”

निहारने डोळे उघडले. भिंतीकडे बघितलं. भिंत गप्प होती. त्याने वाट पाहिली, हे गार्गीला अगदी स्पष्ट दिसलं. त्याची मूठ वळली, पाय पोटाशी आले. तोंड उघडलं आणि काही क्षण नुसतंच उघडं राहिलं, नळी होती तेव्हा राहायचं तसं.

मग तो रडला.

आधी गंजलेल्या बिजागरीसारखा एक किरकिरा आवाज निघाला. त्या आवाजाने तो स्वतःच दचकून थांबला. मग त्याने दम घेतला आणि असा काही टाहो फोडला की खालची स्कूटरसुद्धा धुवायची थांबली. रेवा टेबलाखालून धावत आली आणि कानांवर हात ठेवून नाचायला लागली. “रडलं! आई, बाळ रडलं!”

गार्गी जागची हललीसुद्धा नव्हती, आणि तिच्या छातीत कळ आली. तीच ती, रेवाच्या वेळची, विसरून गेलेली. दोन्हीकडून कुणी गाठ सोडावी तशी. ब्लाउज बघता बघता ओला झाला. तिने झेप घेऊन निहारला उचललं, आणि पदराआड त्याने असं हपापून तोंड लावलं की पहिल्याच घोटाला ठसका लागला. दूध त्याच्या गालावरून मानेत ओघळलं. गार्गी हसत होती. डोळे वाहत होते, ते तिने वाहू दिले.

सासूबाई अजून जमिनीवरच होत्या. रिकाम्या गादीवर हात तसाच. त्यांनी नाक ओढलं. “आवाज विराजवर गेलाय,” त्या म्हणाल्या. “असाच भोंगा होता तो.”

“आई, जवळ या ना.”

त्या सरकत आल्या आणि निहारचं पाऊल हातात धरून बसल्या. वाळा बोटाने गोल गोल फिरवत राहिल्या. जरा वेळाने त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. “रात्री चालू करायचा हं मात्र. नुसता श्वास बघायला. ते गुणगुणणं आणि झोके मी काढून टाकते. दिवसा तू, रात्री तो.”

“चालेल.”

“आणि रेवाने दिवसातून दहा वेळा चालू-बंद केलं तर तिचं नाव काढणार.”

“नाही करणार,” रेवा म्हणाली. ती आईच्या गुडघ्याला टेकून निहारच्या गिळणाऱ्या गळ्याकडे टक लावून बघत होती. तांबोळीबाईंना फोन करायचा होता, विराजला सांगायचं होतं, कुकरही लावायचा होता. कुणीच उठलं नाही. निहारची मूठ सैल पडली आणि त्याची बोटं गार्गीच्या मंगळसूत्रात अडकली.

रेवाने हळूच त्याच्या गालावरचा दुधाचा ओघळ पुसला.

“आई, हा कधीच रडला नव्हता ना?”

“नाही.”

“मग त्याला कसं माहीत होतं, रडलं की तू येतेस?”

गार्गीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या.